घोंगडीचं सील

नारायणरावांची मोटार बारा वर्षं गोठ्याच्या टोकाला पडून होती. मुळात ती त्यांची नव्हतीच. निजामाच्या अमदानीत एका जहागीरदारानं ती हैदराबादेहून आणली, पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत जहागीरदार परागंदा झाला, आणि मोटार नारायणरावांच्या गोठ्यात कशी आली हे येरमाळ्यात सगळ्यांना ठाऊक असल्यामुळं कुणी विचारत नव्हतं. कोंबड्यांनी तिच्या गादीवर अंडी घातली, उंदरांनी वायरी खाल्ल्या, वासरं तिच्या मडगार्डला अंग घाशीत मोठी झाली. पण महाराष्ट्र झाल्यावरचा पहिला चैत्र तोंडावर आला आणि बार्शीच्या वसंतरावांचा निरोप आला, की येडाई देवीच्या जत्रेला आम्ही येतो, दर्शन होईल आणि तुमची शामलाही बघून होईल. वसंतराव कापसाच्या जिनिंगचे मालक. अशा माणसाला एस्टीतून उतरवून घ्यायचं, हे रस्त्याच्या कामांची गुत्तेदारी करणाऱ्या नारायणरावांना फारच कमीपणाचं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते फाट्यावर बब्रुवानच्या शेडपुढं येऊन उभे राहिले.

शेड म्हणजे चार बल्ल्या आणि सहा पत्रे. डांबरी रस्ता आणि नारायणरावांचं शेत यांच्या मधोमध एक चिंचोळी पट्टी होती, पट्टीवर एक लिंब होता, आणि लिंबाखाली बब्रुवान दोन वर्षं ट्रकांची दुरुस्ती करत बसला होता. आठ वर्षं सोलापुरात ईरण्णा मिस्त्रीच्या हाताखाली काढून तो बायकोला घेऊन गावाकडं आला होता. जातीनं धनगर. वाडवडील मेंढरांमागं फिरले. कुणाच्या रानात चार दिवस मेंढरं बसवायची आणि मालकानं उठा म्हटलं की घोड्यावर संसार टाकून उठायचं, यात तीन पिढ्या गेल्या. ह्या पट्टीवरून अजून त्याला कुणी उठवलं नव्हतं. एवढ्याच कौतुकानं तो रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी शेडपुढची जागा झाडून काढायचा.

आता मात्र मुरुमच्या गुंडाप्पाला तिथं हॉटेल टाकायचं होतं. त्यानं येऊन पावलांनी जागा मोजली होती, भट्टी कुठं येईल ते बब्रुवानच्या देखत ठरवलं होतं, आणि जाताना त्याच्याच माठातलं पाणी पिऊन गेला होता.

नारायणरावांनी आडपडदा ठेवला नाही. "पुनवेपातूर मोटार चालू करून दे. ही जागा पंचायतीत सही करून तुझ्या नावावर करतो. न्हाई जमलं, तर गुंडाप्पा येतोच हाय."

बब्रुवान मोटार बघून आला. इंजिन गंजून बसलं होतं, हँडल तसूभर हलत नव्हतं. कुठल्याही शहाण्या मिस्त्रीनं हात जोडले असते. त्यानं घरी येऊन बायकोला, अयोध्येला सांगितलं, की जमंल. तिनं भाकरी थापता थापता विचारलं, "आन् न्हाई जमलं तर?" उत्तर दोघांनाही माहीत होतं.

पहिले चार दिवस त्यानं सिलिंडरात रॉकेल भरून ठेवलं आणि पाचव्या दिवशी हँडलला पहारीचा आधार देऊन जोर लावला, तेव्हा आत काहीतरी कण्हल्यासारखं झालं आणि इंजिन सुटलं. मग ते बाहेर काढायचं. सोलापुरात त्याला साखळीची कप्पी असायची. इथं नारायणरावांचा म्हातारा सालगडी उत्तरेश्वर यानं विहिरीवरचं मोटेचं चाक उतरवून आणलं, तीन वासे उभे करून वर बांधलं, आणि मोटेचा नाडा इंजिनाला बांधून बैल जुंपले. पाणी ओढणारे बैल ते. उत्तरेश्वर त्यांच्या कानाशी बोलत एकेक पाऊल पुढं नेत होता आणि काळंकुट्ट इंजिन तेल गाळत वर येत होतं. बब्रुवान खाली दोन्ही हातांनी ते सावरत होता. नाडा तुटला असता तर तो जागीच संपला असता. नारायणराव लांब बाजेवर बसून बघत होते. इंजिन जमिनीवर टेकलं तेव्हा ते म्हणाले की आता आलाच आहेस तर दोन म्हशी धुऊन टाक, उत्तरेश्वर दमलाय. बब्रुवाननं म्हशी धुतल्या.

असं रोज काही ना काही चालायचं. कधी कडबा उतरवून घे, कधी शेण भरून टाक. संध्याकाळी नारायणराव काठी घेऊन यायचे आणि खोललेल्या भागांना काठीनं टोचत विचारायचे, हे काय, ते काय. सांगितलं तरी ऐकून घ्यायचे नाहीत. एकदा काठीच्या टोकानं वॉल्व्हची रांग विस्कटली. कुठला कुठं बसतो ते ओळखून परत लावायला बब्रुवानचा पुढचा अर्धा दिवस गेला. त्याला बोलावंसं वाटलं. पण जागा आठवली की तोंडातला शब्द आपोआप गिळला जायचा.

अयोध्या दिवसभर नारायणरावांच्याच कामावर, रस्त्याच्या कडेला खडी फोडायला. दिवस मावळायच्या सुमाराला ती गोठ्यात यायची आणि नवऱ्याच्या बाजूला बसून विळ्याच्या मोडक्या टोकानं जुनं पॅकिंग खरवडून काढायची. दोन लोखंडी भागांच्या सांध्यात तेल-पाणी बाहेर येऊ नये म्हणून जे घालतात, ते पॅकिंग. बारा वर्षांत ते लोखंडाला असं चिकटलं होतं की घाईनं ओढलं तर लोखंडावर चरा पडायचा. बब्रुवानला घाई असायची, तिला नसायची. दगड फोडून तिच्या बोटांची कातडी फुटली होती, त्यात रॉकेल गेलं की ती फक्त श्वास ओढायची. आज काय खोललं, उद्या काय बसवणार, हे ती रोज विचारायची आणि तो सांगायचा. ईरण्णा मिस्त्रीनं त्याला कधी नीट सांगितलं नव्हतं, सगळं शिव्या खाऊन शिकला होता. सांगण्यात एवढं सुख असतं हे त्याला ह्या दिवसांत कळलं.

नवीन पॅकिंग आणायचं कुठून? हेडाचं तांब्याचं होतं, फाटलेलं. तो सोलापूरला जाऊन भंगार बाजारात दिवसभर फिरला, तेव्हा भोकाला भोक जुळेल असं एक जुनं सापडलं. ते त्यानं लोहाराच्या भट्टीत लाल केलं आणि पाण्यात बुडवलं, म्हणजे तांबं मऊ होऊन नीट बसतं. बाकीची पॅकिंगं पुठ्ठ्याची. शामलानं आपल्या शाळेच्या जुन्या वह्यांचे पुठ्ठे काढून दिले. इंजिनाच्या कडेवर पुठ्ठा ठेवायचा आणि हातोडीच्या गोल तोंडानं हलके हलके ठोकत जायचं, लोखंडाची कडच पुठ्ठा कापते. अयोध्येनं जवसाचं तेल चुलीवर कढवलं. त्याच्या उग्र वासानं अख्खी आळी खोकली. ते तेल पुठ्ठ्यांना लावून वाळवलं की ते चामड्यासारखे चिवट होत.

सगळं जमलं, अडलं ते सीलवर. इंजिनाच्या मागच्या तोंडाला जिथं दांडा बाहेर येतो, तिथं एका खाचेत बोटाएवढी बत्ती बसवलेली असते. ती फिरत्या दांड्याला अंगाशी धरते आणि तेल अडवते. तिथून तेल सुटलं तर ते क्लचवर जातं, आणि क्लच तेलकट झाला की इंजिन कितीही ओरडलं तरी चाकं फिरत नाहीत. जुनी बत्ती जळून कोळसा झाली होती. सोलापूरच्या दुकानदारानं सांगितलं होतं, की मुंबईला लिहावं लागेल, महिना तरी लागेल. बब्रुवाननं हे नारायणरावांच्या कानावर घातलं.

"महिन्यानं काय मोटारीत बसून माझ्या तेराव्याला येतोस?" नारायणराव म्हणाले आणि निघून गेले.

त्या संध्याकाळी अयोध्येनं जुन्या बत्तीचा एक तुकडा उचलला, चोळला, नाकाशी नेला. मग त्याचं आतलं न जळालेलं टोक काडीनं पेटवलं. "ही लोकर हाय," ती म्हणाली. बब्रुवान हसला. पण वास त्यालाही आला, मेंढरू डागताना येतो तो. आठ वर्षं त्यानं असली सीलं बसवली होती आणि ती कशाची असतात हे कधी मनातही आणलं नव्हतं.

तिनं घरी जाऊन पेटीतून घोंगडी काढली. बापानं मरायच्या आधी विणलेली, तिच्या लग्नात दिलेली, काळीभोर, पांढऱ्या काठाची. ती तिनं कधी अंथरली नव्हती की पांघरली नव्हती. लिंबाचा पाला घालून जपली होती. बापाच्या मागं तिच्याजवळ तेवढंच होतं. बब्रुवान नको म्हणाला, पण मनापासून म्हणाला नाही, आणि तिला ते कळलं. मेंढरं कातरायच्या कातरीनं तिनं काठापासून हातभर पट्टी कापली. कापताना तिचे डोळे भरले होते, हे त्यानं पाहिलं आणि दुसरीकडं बघितलं.

"ह्यात चिंचोक्याची खळ हाय," ती म्हणाली. "विणल्यावर कडक व्हावी म्हून लावत्यात. ती काढल्याबिगर लोकर तेल पेत न्हाई. कढत पाण्यात भिजवून, रिठ्यानं मळून, सावलीला वाळवाय पायजे. मग ती दाट हुती, आन् मऊ. तीन दिस लागतील. उद्या खडीवरून आले की म्या धरते करायला."

पुनव आठ दिवसांवर होती. तीन दिवस तिचे, उरलेले इंजिन बांधून मोटारीत चढवायला. तंगी होती, पण बसत होतं. बब्रुवान बरं म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नारायणराव आले, आणि त्यांच्यामागं गुंडाप्पा. गुंडाप्पाच्या हातात ह्या वेळी मोजायची फीत होती. तो उघड्या इंजिनाभोवती एक चक्कर मारून आला आणि जीभ टाळ्याला लावून त्यानं चुकचुक केली. नारायणराव म्हणाले, "परवा इंजिन वाजलं पायजे. मला बार्शीला निरोप धाडायचा हाय. न्हाईतर आत्ताच सांग, ह्याला मोकळं करतो." बब्रुवान म्हणाला की वाजेल.

ते गेल्यावर तो पट्टी हातात घेऊन बसला. उन्हं तापली होती, गोठ्याच्या पत्र्याखाली डोकं भणभणत होतं. पट्टी वळून त्यानं खाचेवर धरून बघितली. खळीमुळं ती ताठ होती, कडा सरळ, अगदी कारखान्यातून आल्यासारखी. हातोडीच्या दांड्यानं दाबली तशी ती खाचेत चपखल बसली. सील घट्ट बसलं पाहिजे असं ईरण्णा मिस्त्री सांगायचा. मऊ पडलेली लोकर अशी बसेल का? आणि मेंढरामागं वाढलेल्या बाईला इंजिनातलं काय कळतं, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. लोकर ओळखली तिनं, हे खरं. पण सील बसवणं मिस्त्रीचं काम. त्यानं पट्टीची वाढीव टोकं कापली, वरचं झाकण ठेवलं आणि बोल्ट आवळले. आवळताना प्रत्येक बोल्टाला त्याला वाटत होतं की अजून काढता येईल. शेवटचा आवळला आणि तो विचार संपला.

दिवस मावळताना अयोध्या आली ती डोक्यावर पाण्याची घागर आणि ओच्यात कुटलेले रिठे घेऊन. खडीवरून येता येता आडावरून पाणी शेंदून आणलं होतं, चैत्रातलं पाणी, तासभर थांबून मिळालेलं.

"पट्टी कुठाय?"

"बसवली."

"खळ?"

"काढली. दुपारीच. कढत पाण्यानं."

खाली पडलेलं पट्टीचं कापलेलं टोक तिनं उचललं आणि दातांखाली धरलं, ते अजून ताठच होतं. मग बाजूला थुंकली. घागरीतलं पाणी तिनं बैलांच्या डोणीत ओतलं, रिठे ओच्यात तसेच ठेवले आणि घराकडं निघाली. ती बोलली असती तर तो भांडला असता, आणि भांडणाच्या तिरमिरीत कदाचित त्यानं इंजिन परत खोललंही असतं. ती बोलली नाही याचाच त्याला राग आला.

ठरल्या दिवशी इंजिन वाजलं. आधी खोकलं, काळा धूर ओकलं, कोंबड्या उडाल्या, आणि मग ते असं लयीत लागलं की उत्तरेश्वरच्या डोळ्यांत पाणी आलं. अर्ध्या तासात निम्मं गाव गोठ्यात जमलं. नारायणरावांनी पहिल्यांदा त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बब्रुवान तीनदा खाली शिरून बघून आला. सीलमधून एक थेंब गळत नव्हता. त्याला आनंद झाला, आणि खरं सांगायचं तर त्या आनंदात बायको चुकली याचाही वाटा होता. घरी जाऊन त्यानं दोनदा सांगितलं, की एक थेंब न्हाई. ती म्हणाली, बरं झालं.

जत्रेच्या दिवशी पहाटेच तो मोटार घेऊन बार्शीला गेला. मागं बसले वसंतराव, त्यांच्या पत्नी लीलाबाई, मुलगा, आणखी दोघं पाहुणे, आणि पुढं नारायणराव स्वतः. परतीच्या वाटेला ऊन चढलं. नारायणराव मागं वळून वळून सांगत होते, की सगळा माल मुंबईहून मागवला, सगळं नवं घातलं. बब्रुवान समोर बघून चालवत होता. निम्म्या वाटेवर त्याला वास आला. पेट्रोलचा नव्हे, रबराचा नव्हे. विस्तवात चिंचोके भाजल्यासारखा. थांबावं, उतरून बघावं, असं वाटलं. पण थांबून सांगणार काय? तो चालवत राहिला आणि वास येत राहिला.

देवीच्या डोंगराची चढण लागली. दोन्ही अंगांनी माणसांची रीघ. हलगी वाजत होती, बाया ओट्या घेऊन चालल्या होत्या, पोरं मोटार बघून बाजूनं पळत होती. मध्यावर इंजिन एकदम मोठ्यानं ओरडलं आणि मोटार जागीच थांबली. त्यानं आणखी पेट्रोल दिलं. इंजिन आणखी ओरडलं. मग मोटार हळूच मागं सरकायला लागली. ब्रेकनं पुरतं धरलं नाही. लोक बाजूला पळाले, लीलाबाई दार उघडून उडी मारायला गेल्या आणि गुडघ्यावर आपटल्या. कुणीतरी चाकाखाली धोंडा सारला तेव्हा मोटार थांबली. खालून तेल गळत होतं, आणि चढणीवर जिथून आली तिथवर तेलाची काळी रेघ उमटली होती. मोटार कडेला घ्यायला सगळ्यांनी खांदा लावला. जिनिंगच्या मालकांनीही लावला. त्यांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर तेलाचा पंजा उमटला, आणि गर्दीत कुणीतरी फिदकन हसलं.

नारायणरावांचा चेहरा काळानिळा पडला होता. शंभर माणसांत त्यांनी विचारलं, "सील कशाचं टाकलंस?"

"घोंगडीचं, मालक."

आता सगळेच हसले. वसंतराव हसले नाहीत. मुंबईचा माल म्हणणाऱ्या आपल्या होणाऱ्या व्याह्याकडं ते शांतपणे बघत होते, आणि ते बघणं नारायणरावांना सोसवत नव्हतं. बब्रुवानला गर्दीत गुंडाप्पाची टोपी दिसली. त्याला लिंब दिसला, पत्रे दिसले, घोड्यावर टाकलेला संसार दिसला.

"लोकर चालती, मालक," तो म्हणाला. "पर आधी खळ काढावी लागती. बायकोला सांगितली हुती काढायला. तिनं काढली न्हाई."

वाक्य आधीच तयार करून ठेवल्यासारखं सरळ बाहेर पडलं. तोच चकित झाला.

"बायकोवर ढकलू नको," नारायणराव म्हणाले. पण त्यांच्या आवाजातली धार कमी झाली होती. त्यांना वाट दिसली होती. "कुठाय ती?"

ती दहा पावलांवर होती. बायांच्या रांगेत, हातात ओटीचं ताट, ताटात खण आणि नारळ. सगळं तिनं ऐकलं होतं. रांगेतल्या बायांनीच तिला पुढं केलं. वाटेच्या कडेला हळदकुंकू विकायला बसलेल्या हरणाबाईची परात नारायणरावांनी पुढं ओढून घेतली. "धनगराचं माणूस भंडारा उचलून खोटं बोलत न्हाई, हे म्या लहानपणापासून बघतोय," ते वसंतरावांना ऐकू जाईल असं म्हणाले आणि अयोध्येकडं वळले. "ह्यानं तुला सांगितलं हुतं, तरी तू खळ काढली न्हाईस. खरं का खोटं? भंडारा उचल आन् येडाईकडं तोंड करून सांग."

अयोध्येनं नवऱ्याकडं बघितलं. त्यानं फक्त मान हलवली असती तरी चाललं असतं. एक शब्द, 'थांब', एवढाही पुरला असता. त्याला तो सुचला होता, अगदी ओठांवर होता. तो तेलाच्या रेघेकडं बघत राहिला.

तिनं ताट खाली ठेवलं. चिमूटभर हळद घेऊन कपाळाला लावली, डोंगराकडं तोंड केलं.

"व्हय," ती म्हणाली. "त्यांनी सांगितली हुती. म्याच काढली न्हाई."

वसंतराव तेव्हा हसले. अहो, बायकांच्या हाती इंजिन दिल्यावर दुसरं काय होणार, असं म्हणाले. मग नारायणराव हसले, मग सगळे हसले, आणि वातावरण निवळलं. पाहुणे पायीच पायऱ्यांकडं निघाले. जाता जाता नारायणरावांनी मुकादमाला बोलावून सांगितलं, की ह्या बाईला उद्यापासून खडीवर घेऊ नको, आणि बब्रुवानला म्हणाले, "पुन्हा बायकोचा हात इंजिनाला लावू नको. जागेचं बोललो ते बोललो."

बब्रुवानला आधी झाला तो आनंदच. नुसता, निर्मळ आनंद, छाती भरून आली त्याची. मग त्यानं तिला शोधलं. ओटीचं ताट हरणाबाईपुढं तसंच पडलं होतं आणि अयोध्या वर चढणाऱ्या गर्दीतून एकटी खाली उतरत होती.

महिन्यानं मुंबईचं सील आलं, मोटार झाली, शामलाचं लग्न झालं. पंचायतीत सही झाली. गुंडाप्पानं रस्त्याच्या पलीकडं हॉटेल टाकलं आणि तो बब्रुवानला चहा पाठवायला लागला. शेडला दोन पत्रे वाढले, मागं राहायला खोली झाली, पुढं नावाची पाटी लागली. जत्रेच्या वाटेवर जिच्या हयगयीनं गाडी मागं आली ती बाई, म्हणून बायांनी अयोध्येला हळदीकुंकवाला बोलवायचं सोडलं. सवाष्ण म्हणून जेवायला सांगायचं सोडलं. खडीवरचं काम गेल्यानं ती दोन कोस चालून दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जाऊ लागली. घरात ती सगळं करायची. भाकरी गरम असायची, पाणी भरलेलं असायचं, त्याच्या तेलकट कपड्यांना सोडा लावून ती घासायची. फक्त संध्याकाळी आज काय खोललं, हे ती विचारत नव्हती. तोच आपण होऊन सांगायचा, आणि ती हूं म्हणायची, आणि थोड्या दिवसांनी त्यानंही सांगायचं सोडून दिलं.

पुढच्या चैत्रात पालखी चुन्याच्या रानाकडं निघाली, ती शेडपुढूनच. गावची झाडून सगळी माणसं मागं. रानात जाऊन पाच खडे वेचायचे आणि देवीच्या नावानं ढिगावर टाकायचे, त्या चुन्यानं देऊळ रंगतं. मागचं वर्ष सोडलं तर अयोध्या लहानपणापासून, सोलापुरात असतानाही, एक वर्ष चुकली नव्हती. बब्रुवान हात पुसत आत आला. ती ज्वारी निवडत बसली होती.

"चल की," तो म्हणाला. "पालखी आली."

"तुमी जावा."

"लोकांचं सोड. लोक इसरत्यात."

"लोकांचं न्हाई. खोटा भंडारा उचललेला हात हाय. त्या हातानं तिच्यावर खडा टाकू?"

वर्षभरात ती पहिल्यांदाच हे बोलत होती. आवाज चढलेला नव्हता, हात सुपातच होते. बब्रुवानच्या अंगातून काहीतरी सळसळत वर आलं आणि वर्षभर स्वतःला सांगत आलेलं तो तिला बोलून गेला.

"म्या तुला उचल म्हणालो न्हवतो."

"न्हवता म्हणाला," ती म्हणाली. "पर थांब बी न्हाई म्हणाला."

तिनं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला आणि पुन्हा ज्वारीत बोटं घातली. आत्ता बोलायला पाहिजे, हे त्याला कळत होतं. चल, दोघं वर जाऊ, देवीपुढं आणि लोकांपुढंही खरं काय ते मी सांगतो, असं म्हणायला पाहिजे होतं. म्हटलं असतं तर ते नारायणरावांच्या कानावर गेलं असतं. पंचायतीतली सही झाली ती मोडता येते का, हे त्याला माहीत नव्हतं. तो दारात उभा राहून तेवढ्यातही त्याचाच विचार करत होता. बाहेर ट्रकनं भोंगा दिला, आणि तो ऐकून त्याला सुटल्यासारखं वाटलं. "आलो," असं मोठ्यानं ओरडून तो बाहेर गेला. सुटल्यासारखं वाटलं याची लाज त्याला वाटली ती ट्रकखाली शिरून उताणं पडल्यावर, जिथं त्याचं तोंड कुणाला दिसत नव्हतं.